मेहिताबेलच्या सांभाळाचे बावन्न पौंड

१

"लोइस, आजच्या डॉलरमध्ये हे किती झाले गं?"

खापरपणजोबांची चोपडी काखेत मारून आलेला प्रत्येक जण आधी हेच विचारतो. जसं काही मी बँकेच्या खिडकीतच बसले आहे! बत्तीस वर्षं मी नॉर्थ पेल्टन गावाच्या कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर लोकांच्या घरातले जुने कागद वाचून द्यायचा नाद लागला. मी उलट त्यांनाच विचारते, कुठले पौंड? कुठल्या सालचे? इंग्लंडचा पौंड वेगळा, आमच्या मॅसॅच्युसेट्सचा वेगळा. चांदीचा एकच स्पॅनिश डॉलर, पण तो इथे सहा शिलिंगांना आणि शेजारी न्यूयॉर्कात आठ शिलिंगांना. बरं, इथल्या इथेही दोन तऱ्हा. १७५० पर्यंत वसाहतीने छापलेल्या कागदी नोटांचे जुने पौंड, ज्यांची किंमत पार मातीमोल झाली होती. आणि त्यानंतर चांदीच्या आधारावरचे नवे, ज्यांना लोक कायद्याचा पैसा म्हणायचे. साडेसात जुने पौंड मोजले की कायद्याचा एक हातात यायचा. आणि लिहिणारा गृहस्थ यातले कुठले ते लिहील तर शपथ! त्याला नुसता आकडा पुरेसा असायचा.

मला या भानगडी सोडवायला मनापासून आवडतं. खोटं कशाला बोलू?

वेंडेल बास्कम फेब्रुवारीच्या शेवटी आला. बर्फ अर्धवट वितळून रस्त्यांचा नुसता राडा झाला होता. शाळेत तो माझ्यापुढे तीन वर्षं होता, आता एकोणऐंशीचा आहे.

"बूट पुसून ये," मी दारातूनच ओरडले.

"तुझा नवरा उगाच नाही लवकर गेला," तो म्हणाला, आणि बूट पुसून आला.

तब्येत छान दिसत होती. गाल लाल, शर्टाची बटणं पोटावर ताणलेली. मला नवलच वाटलं, कारण चारच दिवसांपूर्वी त्याच्या मुलीचा, जोआनाचा, वूस्टरहून फोन आला होता. "मिसेस टटल, बाबांच्या फ्रीजमध्ये मोहरीची बाटली सोडून काही नसतं हो. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपासून ते दुकानाकडे फिरकलेले नाहीत. तुम्ही जरा लक्ष द्याल का?"

"जेवतोस का रे नीट?" मी विचारलं.

"पोटभर."

"कोण करतं?"

त्याने कापडात गुंडाळलेली चोपडी माझ्यापुढे सरकवली. "घर विकलंय, लोइस. मार्चअखेर किल्ल्या द्यायच्या. जोआना मला न्यायला बसलीय. पण आमच्या घरात एका बाईला उपाशी मारलंय, असं माझे वडील सांगायचे. त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. हे असं अर्धवट टाकून मी जाणार नाही. खरं की खोटं, तेवढं बघून दे. खरं असेल तर मी त्याच घरात मरेन, आणि तेच योग्य."

थट्टा करत नव्हता तो.

२

बाईचं नाव मेहिताबेल क्रो. विधवा, पुढे-मागे कोणी नाही. त्या काळी मार्चमध्ये गावसभा भरली की गावातल्या निराधारांचा लिलाव व्हायचा. लिलाव, पण उलटा. जो सगळ्यांत कमी पैशांत वर्षभर सांभाळायला तयार होईल त्याच्याकडे ते माणूस जायचं, आणि पैसे गाव भरायचं. बोली खाली खाली उतरायची, वर कधीच नाही. आम्हाला आज या प्रकाराची लाज वाटते, पण होतं हे असं होतं.

मेहिताबेलला घेतलं वेंडेलच्या पूर्वजाने, एलिफलेट बास्कमने. चोपडीत तिच्या तीन नोंदी होत्या. मार्च १७४९, विधवा क्रो हिचा सांभाळ, एक वर्ष, बावन्न पौंड. मार्च १७५०, तोच सांभाळ, सहा पौंड, अठरा शिलिंग, आठ पेन्स. आणि ऑक्टोबर १७५०, तिच्या शवपेटीसाठी पाइनच्या फळ्या.

"बघ," वेंडेल म्हणाला. "बावन्नाचे सहा केले गावाने. आणि सात महिन्यांत पेटी. एलिफलेटने तिचं खाणं तोडलं. दुसरं काय असणार?"

मला हसूच फुटलं.

"हसतेस काय?"

"अरे गाढवा! पिढ्यानपिढ्या छाती पिटताय आणि एकालाही भागाकार सुचला नाही? बावन्नला साडेसातने भाग."

मी कागदावर करून दाखवलं. वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सचा शिलिंग. बावन्न जुने पौंड म्हणजे कायद्याचे बरोबर सहा पौंड, अठरा शिलिंग, आठ पेन्स. एका पेनीचा फरक नाही. त्याच वसंतात जुन्या नोटा बंद झाल्या होत्या, म्हणून आकडा बदलला. पैसा होता तेवढाच होता. आठवड्याला एक जुना पौंड धर, म्हातारीच्या जेवणाला, सरपणाला, चादरीला भरपूर.

"म्हणजे तोडलं नाही?"

"एक घाससुद्धा नाही. म्हातारी होती, गेली."

वेंडेल टेबलावर डोकं ठेवून रडला. मी त्याला साठ वर्षांत असं पाहिलं नव्हतं. मी कॉफी ओतायला उठले, कारण मला दुसरं काही सुचेना.

३

नक्कल करायला म्हणून चोपडी मी ठेवून घेतली. माझी एक सवय आहे, पानं मोजून ठेवायची. लिहिलेली एकशे चाळीस, शेवटची कोरी अकरा. तसं डायरीत टिपूनही ठेवलं.

मार्चची गावसभा मंगळवारी होती. रविवारी सकाळी, चर्चहून आल्यावर, मी चोपडी उघडली तर कोरी पानं दहाच. अकराव्यावर एक ओळ होती.

*वेंडेल बास्कम याचा सांभाळ, एक वर्ष, बावन्न पौंड. सांभाळणार, मे. क्रो.*

आधी मला राग आला. आमच्याकडे दिवसा कोणी कुलूप लावत नाही, आलं असेल कोणी टवाळ. मग वाटलं, माझंच मोजताना चुकलं असेल. शहात्तरीची बाई मी, चुकू शकते. भिंग घेऊन बसले. शाई तपकिरी, जुन्या शाईसारखीच कागदात मुरलेली. अक्षर मात्र आधीच्या पानांवरच्या कुठल्याच माणसाचं नव्हतं.

खरं सांगू? मला भीती वाटायच्या आधी कुतूहलच वाटलं. ते बावन्न मला सोडेनात. आजचा टवाळ डॉलर लिहील. जरा वाचलेला असेल तर कायद्याचे पौंड लिहील. अक्षराची नक्कल करता येते, शाईचीही येते. पण माणूस ज्या पैशात बाजारहाट करायला शिकतो, त्याच पैशात त्याचा हात आपोआप लिहितो. हे बावन्न लिहिणाऱ्या हाताला जुन्या नोटा बंद झाल्याचं माहीतच नव्हतं.

मी वेंडेलला फोन लावला. "या चोपडीत तू काही लिहिलंस का रे?"

"बावन्नच ना?" तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"बरोबर आहे मग."

त्याच्या मागे भांड्याच्या बुडाला पळी खरवडल्याचा आवाज येत होता. सावकाश, गोल गोल.

"कोण आहे तिकडे?"

"जेवायला बसतोय गं. नंतर बोलू." त्याने फोन ठेवला.

४

मंगळवारी गावसभेत बर्फ उपसायच्या नव्या गाडीवरून दीड तास भांडण झालं. दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. वेंडेलने एक्कावन्न वर्षांत एकही गावसभा चुकवली नव्हती. दुपारच्या सुट्टीत सगळे हॅम आणि बीन्सवर तुटून पडले. मी एक ताट भरलं, वर फडकं बांधलं आणि गाडी काढली.

त्याच्या घरात शिरले तर माझ्याच श्वासाची वाफ दिसावी इतका गारठा. स्वयंपाकघरातली चूल थंड. ओट्यावर धूळ. बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. त्या उन्हात ते घर इतकं रिकामं दिसत होतं, की माझे पाय दारातच अडकले.

"वेंडेल!"

"इकडे ये."

घराच्या मधोमध चुलीच्या धुराची, विटांची भलीमोठी चिमणी आहे. तिच्या मागे एक बिनखिडकीची खोली आहे. मेहिताबेलला तिथे ठेवलं होतं, असं तो मला म्हणाला होता. दार उघडं होतं. आत उबदार होतं. विटांना हात लावून पाहिला, चांगल्या तापलेल्या होत्या, आणि अख्ख्या घरात विस्तव म्हणून नव्हता.

वेंडेल छोट्या टेबलाशी बसला होता. समोर कथलाची थाळी, पावाच्या तुकड्याने पुसून स्वच्छ केलेली. तीतून अजून वाफ येत होती. पलीकडे एक खुर्ची होती, भिंतीकडे तोंड केलेली. रिकामी होती. मी दोनदा पाहिलं.

"ऊठ," मी म्हटलं. "माझ्याकडे चल. शनिवारी जोआना येईल."

"यंदाचं ठरलंय, लोइस." अगदी शांतपणे बोलला. "चांगली सांभाळते ती. आमच्या लोकांनी तिला सांभाळलं, तेवढ्याच पैशात ती मला सांभाळते. तूच तर सांगितलंस, काही तोडलं नव्हतं."

"वेंडेल, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"आज कोणी कमी बोली लावली तरच मी हलणार. नियम आहे तो."

मला खोटं सांगायचं नाही, मी घाबरले होते. आणि घाबरले की मी भांडते. शिवाय वाटलं, म्हाताऱ्याच्या कलाने घेतलं तर उठेल तरी.

"असं काय? मग मी सहा पौंडांत घेते तुला! झालं? घाल कोट!"

कुठेतरी लाकडावर लाकूड आपटलं. एकदाच, कोरडं. सभापतीचा हातोडा आपटावा तसं. वेंडेलने त्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"विचार करून बोललीस ना?" त्याने विचारलं.

"तुझ्यासारख्याला घरी न्यायचं म्हणजे विचार करून कोण बोलेल?"

तो उठला आणि कोट घातला. एवढं सोपं होतं तर! मी गाडीत शीळ घालत आले.

५

संध्याकाळी मी मीठ लावलेलं गोमांस, कोबी आणि बटाटे उकडले. त्याचं आवडतं. वेंडेलने एक बटाटा खाल्ला, मांसाचा एक तुकडा खाल्ला आणि काटा खाली ठेवला.

"पुरे."

"नखरे करू नकोस."

"खरंच पुरे, लोइस. माझ्या वाटणीचं झालं."

दमला असेल, म्हणून मी सोडून दिलं. तो झोपायला गेला आणि मी चोपडी उघडली. बावन्नच्या ओळीवर काट मारली होती. खाली नवी ओळ होती.

*तोच सांभाळ, सहा पौंड. सांभाळणार, लो. टटल.*

माझं नाव मी पुन्हा वाचलं. तरी मनात पहिला विचार काय यावा? की आकडा वाजवी आहे. सहा पौंड अठरा शिलिंगांपेक्षा जरा कमी, जिंकण्यापुरता. अख्खा जन्म मी बदललेल्या आकड्यांत घालवला आहे. बावन्न वाचलं की माझ्या डोक्यात आपोआप सहा अठरा होतं, म्हणून तोंडून सहा गेलं. मी कायद्याचे सहा म्हणत होते.

पण म्हटलं कुठे होतं? नुसतं सहा पौंड म्हणाले मी. लोकांच्या पणजोबांना मी ज्यावरून नावं ठेवते, अगदी तेच केलं. आणि ऐकणारीला एकच पौंड ठाऊक होता.

सहा जुने पौंड. बावन्नचा जवळजवळ नववा हिस्सा.

मी उठून त्याचं ताट पाहिलं. नऊ घासांतला एक खाल्ला असेल त्याने.

६

दहा दिवस मी काय काय केलं नाही! पाव, लोणी, मेपलचा पाक घातलेली खीर, अंडी. ताट मोठं केलं तर वाटेल जास्त खाईल, म्हणून मोठं केलं. पण तो मोजूनमापून तेवढंच खायचा आणि बाकीचं नीट कडेला लावून ठेवायचा. डॉक्टरने रक्त तपासलं, छाती तपासली. काही दोष नाही म्हणाला. वजन अकरा पौंडांनी उतरलं होतं.

शनिवारी जोआना आली तेव्हा तो तिच्याबरोबर जायला तयार होईना. "वर्षभर मी लोइसकडे," एवढंच म्हणाला. तिने मला बाजूला घेतलं. "मिसेस टटल, तुम्ही त्यांना नीट जेवायला घालता ना?" त्या पोरीच्या नजरेत मी काय पाहिलं ते मीच जाणते. शरमेने मेल्यासारखं झालं मला.

अकराव्या दिवशी मी चोपडी पुन्हा पहिल्यापासून वाचली. या वेळी आकडे सोडून. एवढी वर्षं मी पैसा वाचत आले. ज्या ओळीत आकडा नाही तिच्यावरून नजर तशीच पुढे जाते. १७५० च्या उन्हाळ्यात, सुया-मेणबत्त्यांच्या फुटकळ खर्चाच्या कडेला, बायकी अक्षरात बारीक लिहिलं होतं. एलिफलेटची बायकोच असणार.

*आजही तिचं ताट तसंच परत आलं. पुष्कळ विनवलं. म्हणते, गावाने मला सहा पौंडांत दिलं, सहा पौंडांत एवढं बसत नाही. फुकटचं मी खाणार नाही.*

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सभेतून कोणीतरी आकडा तेवढा घरी आणला आणि पैसा बदलल्याचं तिला सांगायचं राहून गेलं. त्या खोलीत बसून म्हातारीने आपल्या मनाशी भाग केले आणि तेवढंच खाल्लं. आमच्याकडची माणसं अशीच. मरतील, पण उपकाराचं खाणार नाहीत.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेलला गाडीत बसवलं. त्याला घरी एकटं ठेवायचा धीर होईना. त्याच्या दारात गाडी उभी केली, हातात एक सफरचंद दिलं आणि म्हटलं, "हे संपव. मी आलेच."

सकाळचे दहा वाजले होते. ओसरीवर ऊन होतं. चिमणीच्या मागच्या खोलीचं दार लोटलं, तर आत तशीच ऊब.

या वेळी खुर्ची रिकामी नव्हती.

मला पाठ दिसली, आणि धुऊन धुऊन पिवळी पडलेली टोपी. टोपीखालून मान दिसत होती. इतकी बारीक मान मी जिवंत माणसाची पाहिलेली नाही. मी दाराची चौकट धरून ठेवली.

"कायद्याचे सहा," मी म्हणाले. "मिसेस क्रो, माझं चुकलं. मी कायद्याच्या पैशातले सहा म्हणत होते. म्हणजे तुमचे पंचेचाळीस. तुमच्या वेळीही तसंच होतं हो! बावन्नचेच झाले होते ते सहा अठरा. कोणी तुमचं काही तोडलं नव्हतं. तुम्ही पोटभर खायला हवं होतं!"

टोपी जराशी कलली. ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या कलतात तशी. शब्द पोचले होते, पण कायद्याचा पैसा म्हणजे काय, हे तिला कळलेलं नव्हतं. ते मला तिच्या पाठीवरून समजलं. मला तिची इतकी दया आली, की भीती क्षणभर विसरले.

"बरं, मग पंचेचाळीस!" मी म्हणाले. "तुमचे जुने पंचेचाळीस! बावन्न म्हणा! परत बावन्न करा!"

टोपी हलली. डावीकडे, उजवीकडे. अगदी सावकाश, लहान मुलाला समजवावं तशी. बोली वर जात नसते.

मग ती थांबली. मान तशीच कलती ठेवून वाट पाहत राहिली. माझ्याकडून सहापेक्षा कमी आकडा येतो का, याची. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि तशीच, पाठ न फिरवता, खोलीबाहेर आले.

वेंडेल गाडीत बसला होता. सफरचंदाचा एक घास खाऊन बाकीचं त्याने रुमालात नीट गुंडाळलं होतं, मला परत द्यायला.